तुझी यादी परत पाठवते आहे

कोल्हापूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,

मिलेनियल पिढीवरच्या तुझ्या लेखासाठीची यादी मिळाली. दहा चित्रपट, प्रत्येकापुढं साल, दिग्दर्शकाचं नाव, खाली रेघ मारून लिहिलेलं, "ताई, राहिलेलं घाला, नको ते खोडा." तीन दिवस कागद माझ्या टेबलावर आहे. मी एकही नाव खोडलं नाही आणि दोन नावं घातली. पण लेखाचा जो पहिला परिच्छेद सोबत जोडला आहेस तो काढून टाक. '१९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल म्हणतात' या वाक्यानं लेख सुरू करू नकोस. व्याख्या बरोबर आहे, प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं आखलेली हद्द आहे आणि बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. पण ते वाक्य वाचून डोळ्यांपुढं कुणी उभं राहत नाही. तुझा दादा उभा राहिला पाहिजे. दर शुक्रवारी रात्री पुण्याहून येणारा आणि रविवारी रात्री जाणारा, घरात असताना अर्धा वेळ झोपलेला आणि अर्धा वेळ फोनवर असलेला तुझा दादा.

मी १९८६ची. आमच्या जन्माआधी तीन वर्षं, १९८३ साली, वसंतदादा पाटलांच्या सरकारनं राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. म्हणजे आम्ही पाळण्यात होतो तेव्हा आमच्यासाठी कॉलेजं बांधली जात होती. तोवर इथल्या मुलानं इंजिनिअर व्हायचं तर सांगली, कराड नाहीतर पुणं, आणि तेही गुण असतील तर. नंतर फी भरली की गावातच प्रवेश मिळायला लागला. 'फी भरली की' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

माझे बाबा शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होते. घरी आले की कपड्यांना जळक्या वाळूचा वास यायचा आणि कितीही घासलं तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. त्यांची लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीपासून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या बाइंडिंगपर्यंत सगळं तीत लिहिलेलं. सोसायटीचं कर्ज किती, आईच्या पाटल्या ठेवून किती आले, मामांकडून उसने किती, त्यातले फिटले किती. ती वही त्यांनी मला कधी दाखवली नाही, कधी तोंडानं काढली नाही. टीव्हीखालच्या फळीवर असायची. मी सेकंड इयरला असताना एका दुपारी ती उघडून वाचली. त्यानंतर कॅन्टीनला चहा घेतानासुद्धा ती वही आठवायची.

माझ्या मते आमच्या पिढीची गाठ इथं आहे. 'तुला काय व्हायचंय?' असं ज्यांच्या घरात पहिल्यांदा विचारलं गेलं, ती आम्ही पोरं. आमच्या आईवडिलांना कुणी विचारलं नव्हतं. आणि तो प्रश्न विचारता यावा म्हणून घरानं काय गहाण टाकलंय हेही आम्हाला ठाऊक होतं. मग उत्तर मोकळेपणानं कसं द्यायचं? 'मला फोटो काढायचेत', 'मला गायचंय', 'मला अजून कळलेलं नाही' यांतलं काहीही म्हटलं की ती वही समोर यायची. बाहेरून लोक म्हणतात की ही पिढी गोंधळलेली, कशातच टिकत नाही, लग्नं उशिरा करते. आतून बघितलंस तर बरंचसं ओझं या उपकाराचं आहे.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगायची आहे. तुझ्या यादीतला प्रत्येक चित्रपट पुन्हा बघ आणि बघताना एक प्रश्न हाताशी ठेव: यात पैसे कोण भरतंय? खोलीचं भाडं, गाडीतलं पेट्रोल, सहलीचा खर्च, कॉलेजची फी. ज्या चित्रपटाला याचं उत्तर ठाऊक आहे त्याला ही पिढी ठाऊक आहे. ज्याला नाही, तो या पिढीचं स्वप्न दाखवतो. तेही कामाचं असतं, पण दोन्ही एकाच रांगेत बसवू नकोस.

हा प्रश्न मी आपल्याच गावातून घेतला आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, त्याच्यासमोरून तू रोज जातोस. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि पौराणिक चित्रपटांची चलती असताना १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गेलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीत कामाला लागतो. तो तरुण शेतकरी व्ही. शांतारामांनी केला होता, स्वतः जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे असताना. घर का सुटतं आणि कुणाच्या कर्जापायी सुटतं, हे कोल्हापूरच्या कॅमेऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी विचारलं होतं. आमच्या वेळेला सावकार गेला आणि एज्युकेशन लोन आलं, गिरणी गेली आणि हिंजवडीचं आयटी पार्क आलं. तुझ्या लेखात हा धागा आला तर तो कोल्हापूरच्या मुलाचा लेख होईल, नाहीतर तसा लेख कुठल्याही गावात बसून लिहिता येतो.

आता यादीकडं येते.

'दिल चाहता है' तू पहिला ठेवलायस. राहू दे. २००१ साली मी पंधरा वर्षांची होते आणि त्या चित्रपटानं आम्हाला बोलायला शिकवलं, हे मी मनापासून सांगते. पडद्यावरची मुलं आमच्यासारखं अर्धवट, थट्टेत, एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होती. वर्गातल्या प्रत्येक मुलानं गोव्याचा बेत केला. कोल्हापूरला गोवा काही लांब नाही, सकाळची एसटी धरली की दुपारी पोचतो. तरी आमच्यातलं कुणी वर्षानुवर्षं गेलं नाही, कारण कुणाच्या घरी गाडी नव्हती आणि घरी सांगायला कारण नव्हतं. फरहान अख्तर स्वतः १९७४चा. त्यानं त्याच्या वयाच्या, त्याच्या मुंबईच्या मुलांची गोष्ट सांगितली आणि ती आम्ही आमचं भविष्य म्हणून बघितली. एवढं लिहिलंस तरी त्या चित्रपटाला न्याय दिल्यासारखं होईल.

२००९ कडं मात्र नीट बघ. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'वेक अप सिड', डिसेंबरात 'रॉकेट सिंग', आणि त्याच डिसेंबरच्या २५ तारखेला 'थ्री इडियट्स'. तीन महिन्यांत तीन चित्रपट, आणि तिन्हींत एकच प्रश्न: शिक्षण झालं, आता काय? हे वर्ष कुठलं ते ध्यानात घे. २००८ च्या मंदीनंतरचं. आमच्या बॅचच्या हातात कॅम्पसमधून मिळालेली नोकरीची पत्रं होती आणि जॉइनिंगची तारीख येत नव्हती. मी अकरा महिने ते पत्र फाइलमध्ये ठेवून घरी बसले. रोज सायबर कॅफेत जाऊन मेल उघडायचे आणि परत येताना आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवायचे. बाबांनी त्या अकरा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. वही तेवढी फळीवरून कपाटात गेली, आणि ती माझ्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी हलवली हे मला कळलं होतं.

'वेक अप सिड'वर तू सिडबद्दल लिहिलंयस. तू ऐशाबद्दल लिही. सिडच्या बापाची कंपनी आहे, तो घर सोडतो तरी परतायला घर आहे. ऐशा कोलकात्याहून एकटी मुंबईत आलेली, खोली शोधते, ती सजवते, स्वतःची नोकरी मिळवते. मुली तोवर हिंदी चित्रपटात अशा फारशा दिसत नव्हत्या: कुणापासून पळून आलेली नाही, कुणासाठी आलेली नाही, कामासाठी आलेली. पुण्यातल्या आमच्या खोलीत चार मुली होत्या आणि चौघींनीही सिडकडं दुर्लक्ष करून तिच्याकडंच बघितलं. दिग्दर्शक अयान मुखर्जी १९८३चा, म्हणजे आमच्याच वयाचा. त्याला ती मुलगी माहीत असणार.

'थ्री इडियट्स' सगळ्यांना रँचोसाठी आठवतो. रँचो आमच्यात कुणीच नव्हता. राजू होता. घरी अंथरुणाला खिळलेला बाप, लग्नाची बहीण, भाज्यांचे भाव सांगत वाढणारी आई, आणि बोटांत अंगठ्या घालून परीक्षेला जाणारा घाबरलेला मुलगा. थिएटरात लोक त्या घरावर हसत होते. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण हसली नाही, तिच्या घरी तेव्हा तसंच होतं. आणि एक प्रसंग पुन्हा पुन्हा बघ: फरहान वडिलांना सांगतो की मला फोटोग्राफर व्हायचंय. वडिलांनी त्याच्यासाठी लॅपटॉप आणून ठेवलेला असतो. शेवटी ते विचारतात, कॅमेरा केवढ्याला येतो, लॅपटॉप परत करून भागेल का. पडद्यावरच्या बापानं वही उघडली आणि खर्चाचं खातं बदललं. आमच्या अख्ख्या पिढीला हे असं घडायला हवं होतं आणि फार थोड्यांच्या घरी घडलं.

'उडान'वर तू दोनच ओळी लिहिल्यास, त्या वाढव. २०१०चा, विक्रमादित्य मोटवानेचा पहिला चित्रपट, कान महोत्सवात दाखवला गेलेला. जमशेदपूर. बापाचा लोखंडाचा कारखाना, मुलाला कविता लिहायच्या आहेत, बाप त्याला इंजिनिअरिंगला घालतो आणि उरलेल्या वेळात कारखान्यात राबवतो. बापाला 'सर' म्हणायचं. रोज सकाळी दोघं पळायला जातात आणि शेवटच्या टप्प्यात बाप शर्यत लावतो, मुलगा रोज हरतो. शेवटी मुलगा खरोखरच पळतो आणि बाप मागं पडतो.

मी हा चित्रपट पुण्याच्या खोलीत लॅपटॉपवर बघितला. भट्टी, वाळू, हातोड्यांचे आवाज ओळखीचे होते, कानांनी आपलं कारखान्यांचं उद्यमनगर ऐकलेलं. त्या शेवटच्या धावण्याला चौघीही रडलो. पण नंतर पडल्या पडल्या मला एक गोष्ट टोचत राहिली आणि ती तुझ्यापुढं ठेवते. त्या चित्रपटातला बाप मारतो. मारणाऱ्या बापाला सोडून मुलगा पळाला तर बघणाऱ्याचं मन लगेच त्याच्या बाजूनं होतं. माझे बाबा जन्मात मोठ्यानं बोलले नाहीत. पहाटे पाचला उठून माझ्यासाठी पाणी तापवून फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या माणसापासून कसं पळायचं? आमच्यातल्या बहुतेकांचे बाप असे होते. 'उडान' थोर चित्रपट आहे, तरी त्यानं अवघड प्रश्न बापाला क्रूर करून सोपा केला. यावर तुझं मत वेगळं असलं तर मला आवडेल, पण मत लिही. तुझ्या लेखात मतं कमी आणि कथानकं जास्त आहेत.

'मुंबई-पुणे-मुंबई' यादीत होता हे बघून बरं वाटलं. लोक त्याला गोड चित्रपट म्हणून सोडून देतात. २०१० साली तो आला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझे शनिवार-रविवार असे जायचे: शुक्रवारी रात्री बस, शनिवारी केस धुवायचे, रविवारी सकाळी अकराला पाहुणे, कांदेपोहे, 'पगार किती?', 'लग्नानंतर नोकरी कोल्हापुरात बघाल का?', दुपारी आई-बाबांची कुजबुज, रात्री परत बस, सोमवारी नऊला ऑफिसात टीमपुढं उभी. एका बाजूला पंचवीस जणांच्या टीममध्ये माझा शब्द चालायचा आणि दुसऱ्या बाजूला साडीच्या निऱ्या बरोबर आहेत का हे शेजारच्या काकू तपासायच्या. त्या चित्रपटातली मुलगी मुंबईहून पुण्याला मुलाला नकार द्यायला येते आणि दिवसभर त्याच्याशी भांडत हिंडते. दोघांना चित्रपटभर नावं नाहीत. हे मला फार खरं वाटलं, कारण पाहायच्या कार्यक्रमात आम्हालाही नाव नसायचं, 'मुलगी' आणि 'मुलगा' एवढंच. तिथं ते दोघं नावाशिवाय, घरच्यांशिवाय, पोह्यांशिवाय नुसते बोलतात. तेवढं बोलायला मिळावं हीच तेव्हा आमची मागणी होती. एका दिवसात सगळं जुळतं हे खरं नाही, पण ती तक्रार मी कधी केली नाही.

'सैराट'वर तू चार पानं लिहिलीस आणि तीन पानं गाण्यांवर. उलटं कर. पहिला अर्धा भाग आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तो बघायला लोक थिएटरात नाचले. दुसरा अर्धा भाग हैदराबादचा: झोपडपट्टीतली खोली, नाक झाकून फिरणारी आर्ची, डोशाच्या गाडीवर पारश्या, कारखान्यात बाटल्यांच्या ओळीपुढं उभी राहून काम करणारी तीच आर्ची, जी गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवत होती. पळून गेल्यावर पुढं काय खायचं, हे इतक्या सविस्तर दाखवणारा लोकप्रिय चित्रपट मी तोवर बघितला नव्हता. नागराज मंजुळेंनी तिथं घाई केलेली नाही. भांडणं, संशय, पहिला पगार, मूल, आणि हळूहळू बसलेलं बस्तान.

मग शेवट. तो लहान मुलगा घरात येतो तेव्हा आवाज बंद होतो. संगीत नाही, रडणं नाही, मुलाच्या रडण्याचाही आवाज नाही, आणि दारापासून बाहेर जाणारी रक्ताची पावलं. आमच्या शोला ज्या माणसांनी तासाभरापूर्वी शिट्ट्या मारल्या होत्या ती जिन्यावरून उतरताना एकमेकांशी बोलत नव्हती. पार्किंगमध्ये पन्नासेक गाड्या होत्या आणि बराच वेळ कुणी किक मारेना. मी आणि माझा नवरा तिथं उभे होतो. आमचंही लग्न घरच्यांच्या मनाविरुद्धचं, आणि आमच्या वाट्याला फक्त दोन वर्षांचा अबोला आला होता. कारण एवढंच की आमच्या दोन जातींमध्ये अंतर कमी होतं. तुझ्या यादीतल्या इतर चित्रपटांत घर सोडणं म्हणजे सामान बांधणं आणि पुढं कधीतरी परत येणं असतं. इथं घर मागं येतं, भेटवस्तू घेऊन येतं. 'पिढी' हा शब्द वापरताना आपण सगळ्यांना एका ओळीत उभं करतो आणि जात बाजूला ठेवतो, ते तुझ्या लेखात होऊ देऊ नकोस. 'मसान' याच्या शेजारी ठेव, २०१५चा, नीरज घेवानचा. बनारसच्या डोम समाजातला मुलगा डिप्लोमा करतोय, ज्या मुलीवर जीव आहे तिला फेसबुकवर रिक्वेस्ट पाठवतो, आणि संध्याकाळी घाटावर चितांच्या कामाला उभा राहतो. फेसबुकवर दोघं शेजारी दिसतात, गल्लीत नाही. आमच्या पिढीला इंटरनेटनं काय दिलं आणि काय देऊ शकलं नाही, हे त्याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.

आता मी घातलेली दोन नावं.

पहिलं 'द डिसायपल'. चैतन्य ताम्हाणेचा, २०२०चा, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळालेला मराठी चित्रपट. ताम्हाणे १९८७चा. आणि तू हा बघितलेला नाहीस याचं मला वाईट वाटलं, कारण तू अशा गावात राहतोस जिथं अल्लादियाखाँसाहेब दरबारी गायक होते आणि देवल क्लबात आजही मैफिली होतात. शरद नेरुळकर हा शास्त्रीय संगीत शिकणारा मुलगा आहे. वडिलांना गायक व्हायचं होतं, जमलं नाही, ते त्यांनी मुलाच्या अंगावर चढवलं. आजीकडं राहतो, आजी लग्नाचं आणि नोकरीचं विचारते. पोटासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी करायचं काम. रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकलवर जातो, पडदा अगदी संथ होतो आणि कानातल्या हेडफोनमधून एका थोर गायिकेची व्याख्यानं ऐकू येतात: साधना, त्याग, एकटेपण. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे. ते बोलणं इतकं उंचावरचं आहे आणि खाली रस्त्यावर तो इतका एकटा आहे की मला दर वेळी पोटात तुटतं.

मग वर्षं जातात. पोट सुटतं, केस विरळ होतात, गळ्यात जे यायला हवं ते येत नाही. रात्री तो स्वतःच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचत बसतो. त्यातली एक वाईट असते आणि तो तिला उत्तर द्यायला घेतो. तिथं चित्रपट थांबव आणि विचार कर. ज्या पिढीला लहानपणी सांगितलं गेलं की मन लावून केलंस तर काहीही होशील, तिला चाळिशीजवळ कळतंय की मन लावूनही होत नाही. यात कुणाचा अपराध नाही. गुरू खोटा नव्हता, शिष्य आळशी नव्हता. शेवटी लोकलमध्ये तो बायको-मुलीबरोबर बसलेला असतो आणि डब्यात एक माणूस गात येतो. त्याच्या चेहऱ्याकडं बघ. त्यावर काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

मी नोकरी सोडून इथं परत आले तेव्हा मला एडिटर म्हणून मोठं काम करायचं होतं. झालं ते असं की मी लग्नांचे, गॅदरिंगचे, कधी एखाद्या माहितीपटाचे व्हिडिओ कापते आणि रविवारी तुमच्यासारख्या दहा-बारा मुलांना चित्रपट दाखवते. मला हे काम आवडतं. पण 'द डिसायपल' बघितल्यावर मी पहिल्यांदा बाबांशी त्या वहीबद्दल बोलले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फी भरली ती इंजिनिअरिंगची." ते चहा पीत होते. म्हणाले, "फी तुझी भरली. इंजिनिअरिंगची न्हवं." आणि पेपर उचलून वाचायला लागले. वही कुठं आहे ते विचारलं तर म्हणाले, रद्दीत दिली, दहा वर्षं झाली.

दुसरं नाव 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा, २०२५ साली सनडान्सला जागतिक चित्रपट विभागातला मोठा ज्युरी पुरस्कार मिळवणारा. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारतात, आणि त्याला पुरुष आवडतात. गावात बालपणीचा सोबती आहे. चित्रपट कुठंही आवाज चढवत नाही. तिशी उलटलेल्या बिनलग्नाच्या पोराला घरात बसवून एकेक काका-मामा येऊन समजावतात, ते दहा दिवस आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी वेगवेगळ्या कारणांनी काढले आहेत. तुझ्या यादीत बंड करणारी मुलं पुष्कळ आहेत. गप्प बसून, सुतक पाळून, तरीही स्वतःचं काही न सोडणारं असं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव घातलं.

परदेशी चित्रपटांत तू 'फ्रान्सिस हा' ठेवलायस, उत्तम. शेवटी नायिका स्वतःच्या भाड्याच्या घराच्या टपालपेटीवर नावाची चिठ्ठी लावते आणि नाव मावत नाही, तेव्हा कागद दुमडते. अख्ख्या चित्रपटाचं नाव तिथं उलगडतं. त्यासोबत 'लेडी बर्ड' बघ, त्या नायिकेचं काम करणाऱ्या ग्रेटा गर्विगनंच दिग्दर्शित केलेला, तिच्याच सॅक्रामेंटो गावातला. मुलीला गाव सोडायचंय, गावाला नावं ठेवते, आणि तिनं गावावर लिहिलेला निबंध वाचून शाळेतली नन तिला म्हणते की तुझं या गावावर प्रेम दिसतं. ती म्हणते, मी फक्त नीट लक्ष दिलं. आपल्या गटातल्या ज्या मुलीला सतत कोल्हापूर सोडायचं असतं, तिला हा आधी दाखव.

तुझ्या गद्याबद्दल थोडंसं. 'ही पिढी' हा शब्द तू पहिल्या पानावर अकरा वेळा लिहिलास. तो काढ आणि प्रत्येक जागी एक माणूस ठेव. कथानक सांगू नकोस, वाचकानं चित्रपट बघितलेला असतो किंवा त्याला बघायचा असतो. एका चित्रपटातला एकच प्रसंग घे आणि त्यात हातात काय आहे, खिडकीबाहेर कसला आवाज आहे, कोण कुणाकडं बघत नाही, हे लिही. आणि दादाला विचार. तू दहा चित्रपट बघितलेस आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला एक प्रश्न विचारला नाहीस. 'उडान' त्याच्याबरोबर बघ, मध्ये काही बोलू नकोस, संपल्यावर दिवा लगेच लावू नकोस.

पुढच्या रविवारी रात्री तो जाईल तेव्हा तावडे हॉटेलपाशी त्याला सोडायला तू जा. बाबांनाही घेऊन जा, गाडी तू चालव. साडेदहानंतर तिथं हायवेच्या कडेला दीड-दोनशे माणसं असतात. निम्मी जाणारी, निम्मी सोडायला आलेली. पिशव्यांत कांदा-लसूण चटणीच्या बरण्या, भाकरीचा डबा, शेंगदाण्याचे लाडू. प्रत्येक दुचाकीशेजारी एक बाप उभा असतो आणि बहुतेक कुणी बोलत नसतं. बस आली की घाई होते, पिशवी खिडकीतून आत दिली जाते, 'पोचल्यावर मिस कॉल दे' असं अजूनही म्हणतात, मिस कॉलचे दिवस जाऊन कित्येक वर्षं झाली तरी. मी ही गर्दी अजून कुठल्याच चित्रपटात बघितलेली नाही.

बस निघाली की तू लगेच गाडी सुरू करू नकोस. बाबा किती वेळ तिथं उभे राहतात ते बघ, आणि ते लिहून घेऊन ये.

तुझी
ताई